ह्यांची मालगाडी आणि माझं खोटं

मंडळी, आज मी नवऱ्याशी खोटं बोलले आणि आता काय करावं ते कळत नाहीये.

आमचे हे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये एका फळीवर त्यांनी दोन वर्षं खपून मालगाडीचं छोटं यार्ड उभं केलंय. चार रूळ, गुदाम, तांदळाएवढी पोती, काडेपेटीएवढे डबे. इंजिनाने हवा तो डबा उचलून हव्या त्या रुळावर नेऊन ठेवायचा, एवढाच खेळ. पण यंदा त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार बळावला. समोरचं सगळं धूसर दिसतं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

आज रुळांचा शेवटचा सांधा कथील वितळवून जोडायचा होता. तीनदा प्रयत्न करून त्यांनी बोट भाजून घेतलं.

"अहो, मी करू का?"

"तुला साधं बटण नीट लावता येत नाही," म्हणाले आणि सोल्डरगन माझ्या हातात दिली.

मी जमेल तसं जोडलं. त्यांनी गाडी सोडली. सांध्यावर डबा घसरून आडवा पडला आणि इंजिन एकटंच पुढे गेलं. कान देऊन ऐकत त्यांनी विचारलं, "आला का गं डबा मागे?"

"आला."

"गुदामापाशी थांबला?"

"बरोब्बर थांबला."

इतके खूश झाले, की उद्या बघायला या म्हणून चार जुन्या विद्यार्थ्यांना फोनही केले.

आता ते जेवून आडवे झालेत. मी तासभर सांध्याशी झटतेय, डबा तिथेच घसरतोय. त्यांना उठवून खरं सांगू का? तुम्ही सांगितलं असतं?