गॅलरीखालचा गाळा

नव्वदच्या दशकात आम्हाला स्टेडियमच्या गॅलरीखाली गाळा मिळाला, तेव्हा आमच्या यांना धंद्यापेक्षा आनंद झाला तो फुटबॉलचा. लग्नाआधी हे आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून खेळायचे. गुडघा गेला म्हणून शिवणकामाला बसले, नाहीतर मला बघायलाही बूट घालूनच आले असते. कटिंग यांचं, मशीन माझं. दुकानाचं तोंड रस्त्याकडे, पाठ मैदानाला. छत म्हणजे गॅलरीच्या पायऱ्या, त्यामुळे आत जाल तसं वाकावं लागे. त्या पायऱ्यांवर बसायचं ते आमच्या तालमीचंच पब्लिक.

मोठ्या पेठांची मॅच असली की दगडफेकीच्या भीतीनं पोलीस दुपारीच शटर ओढायला लावत. बाकीचे दुकानदार शिव्या घालत. आमचे हे मात्र पोलीस दिसायच्या आधीच कुलूप शोधायला लागत. शेजारच्या गेटातून संघ हलगी वाजवत आत जाई, त्याच्या मागोमाग हे. मी चडफडत घरी. मॅच आणि लग्नसराई नेमकी एकाच वेळी यायची. नवरीचं ब्लाऊज काय मॅच संपायची वाट बघतंय?

दोन हजार सालानंतर गाळ्यांना भाव आला. मोबाइलची, तयार कपड्यांची काचेची दुकानं झाली. एके दिवशी जिन्याखाली दुकानदारांची बैठक भरली. रस्त्याकडचं गेट बंद करायचं, पब्लिक मागून आत घ्यायचं, म्हणजे मॅचच्या दिवशीही दुकानं उघडी राहतील, अशी मागणी होती. सगळ्यांचे हात वर गेले, यांचा खालीच. "तुमचं काय ओ?" कुणीतरी विचारलं. यांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्या थोरलीचं लग्न ठरलं होतं. लग्नाला पैसा लागणार होता. यांचाही हात वर गेला.

गेट बुजवलं आणि तिथंही एक गाळाच निघाला. बातमी तालमीत पोचायला कितीसा वेळ लागणार? यांच्याबरोबर खेळलेला एक जण दुकानात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"आमास्नी मागच्या दारानं धाडलास व्हय? जितल्यावर तुला खांद्यावर घिऊन त्याच गेटातनं नाचलोय की आमी."

एवढं बोलून तो गेला. थोरलीच्या लग्नाला तालमीतलं कुणी फिरकलं नाही. पंगती उठेपर्यंत हे मांडवाच्या दारातच उभे होते. मला फार वाईट वाटलं आणि त्या लोकांचा संतापही आला. पोरीचं लग्न काय तालमीनं जिंकलेल्या कपावर होणार होतं?

त्यानंतर हे मॅच बघायला वर गॅलरीत गेलेच नाहीत. मॅचच्या दिवशी डोक्यावर पाय दणदणत, छताची माती कापडावर गळे. हे फुंकर मारून पुढं कापत. धंदा वाढला, खोटं कशाला बोलू? पण घरात यांचं बोलणं कमी होत गेलं.

एकदा मॅच ऐन रंगात असताना चंदगडकडचं एक कुटुंब नवरीचं कापड घेऊन आलं. मी पोरीचं माप घेत होते, तेवढ्यात आमच्या छतावरून असा गलका उठला की टेप हातातून सुटली. गोल आमच्या तालमीनं मारला होता, हे मलासुद्धा कळलं. पोरीचे वडील वर बघत यांना म्हणाले, "कुणाचा वो गोल?"

यांची कात्री थांबली नाही.

"काय की पावणं," हे म्हणाले, "मला न्हाय त्यातलं कळत."