गोधडीवरचं ऊन

थंडीत आई सकाळीच गोधड्यांना ऊन दाखवायला गच्चीवर टाकते. आज त्यातल्या सगळ्यांत जाड गोधडीच्या एका कोपऱ्यावर शेजारची मांजर अंग सैल सोडून पडली होती. तिला हुसकायला बाबा वर गेले, ते खाली आलेच नाहीत.

मी जाऊन पाहिलं, तर दुसऱ्या कोपऱ्यावर तेही उन्हाला पाठ देऊन, डोळे मिटून बसलेले. मांजरीला उन्हात पडायला कारण लागत नाही. आपल्याला मात्र आधी काहीतरी वाळत घालावं लागतं.

माझी चाहूल लागताच बाबा म्हणाले, "गोधडी वाऱ्यानं उडेल गं. तू त्या कोपऱ्यावर बस."

वाऱ्याचा पत्ता नव्हता. मी बसले.

खालून आईची हाक आली, तेव्हा चौथा कोपरा अजून मोकळाच होता.