बाबुशचा एस

वेंगुर्ल्याच्या बंदरावर होड्यांची नावं रंगवायची ती बाबुशनेच. इंग्रजी अक्षरं, प्रत्येकाला पाय, पायांना नखरा. एसची शेपटी तर अशी वळवायचा की बघणाऱ्याला हसू फुटावं. मी कितीदा म्हटलं, "मेल्या, होडी मासे धरूक जाता, लग्नाक नाय!" तर म्हणायचा, "परत येता तेवा घरच्यांका लांबसून कळाक व्हया." म्हणून त्याची दोन अक्षरं कधी सारखी नसत. कुणाच्या एसला गळ, कुणाच्या एसला कोळंबीची मिशी. होडी जेटीला लागण्याआधीच बायका ओळखायच्या आणि घरी चूल पेटवायला पळायच्या.

मग त्याचा हात कापायला लागला. त्याची भाची रिशेल म्हापशाला छापखान्यात आहे. तिनं मामाची जुनी अक्षरं कॉम्प्युटरात घातली, साफसूफ केली आणि त्यांचा फॉन्ट बनवला. नाव टाइप करायचं, साचा कापायचा, रंग फासायचा, झालं! बाबुश वेड्यासारखा खूश. "हात गेलो तरी अक्षर ऱ्हवला," असं सगळ्या बंदराला सांगत सुटला. बघता बघता निम्म्या होड्यांवर तीच अक्षरं चढली. आम्हीही कौतुक केलं, खोटं कशाला बोलू.

यंदाच्या वादळात दोन होड्या परतल्या नाहीत. 'सातेरी'वर सत्यवान होता. 'सांता क्रूझ'वर ॲरोन, रिशेलचा भाऊ. शोधून शोधून सगळे थकले, तेव्हा आरोंद्याच्या बाजूला एक मोडकी फळी सापडली. रंगावरून कळेना, सगळ्या होड्या एकाच रंगाच्या. वर फक्त एस आणि ए. पुढचं लाकूड तुटलेलं, आणि दोन्ही नावांची सुरुवात तीच.

फळी बाबुशच्या दारात आणली. सत्यवानची बायको सुगंधा धावत आली. ॲरोनची आई ईडाही आली, बाबुशची सख्खी बहीण. बाबुश फळीवर वाकला. एसच्या शेपटीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. ईडाला धीर निघेना. सुगंधाच्या देखत ती ओरडली, "सातेरीची म्हण रे बाबुश! तुझे पाय धरतंय, सातेरीची म्हण!"

सुगंधानं तिला शिवी दिली नाही. तिनं डोळे मिटून हात जोडले होते, आणि ती देवाकडे काय मागत होती ते न कळायला आम्ही काय खुळे होतो?

शिरा पडो त्या कॉम्प्युटरावर! भाच्यासाठी बाबुश खोटं बोलला असता तरी मी त्याला दोष दिला नसता. पण त्यानं मान वर केली आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"अक्षर माझाच आसा गो," तो म्हणाला. "पण खंयच्या होडयेचा, ता माका कळणा नाय. दोनांयचा त्या कॉम्प्युटरातलाच, सारख्याच."

दोघी फळीकडे बघत राहिल्या. रडायचं कुणी, तेच त्यांना कळेना.