मामांनी भरती केलेला घोयरा

आमच्या थोरल्या मामांइतका ज्ञानी माणूस सातारा-सांगली पट्ट्यात दुसरा झाला नाही, असं निदान मामांचं तरी ठाम मत होतं. फौजेत भरतीला आलेल्या पोरांची उंची आणि छाती मोजण्यात त्यांची हयात गेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पेन्शन घेऊन ते कोरेगावहून सांगलीला, विश्रामबागेत आले, तेव्हा मोजायला पोरंच उरली नाहीत. मग त्यांनी मेंदीच्या कुंपणावरचा घोयरा भरती केला. घोयरा म्हणजे तो शेपटीची गुंडाळी करणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा दांडगा सरडा. दर रविवारी दाढी आटोपली की मामा टेप घेऊन त्याची लांबी मोजत, मग छाती, साधी आणि फुगवून. फुगायला सांगावं लागत नसे. मामा दिसले की तो रागानंच फुगायचा. आकडे लगेच वहीत जात.

"जेवढं अंग दांडगं, तेवढं आयुष्य लांब. हत्ती बघ आन् डास बघ," हा त्यांचा सिद्धांत. इवलासा असून वर्षानुवर्षं जगणाऱ्या पोपटाचं नाव काढलं की म्हणत, "त्यो भरतीत बसत न्हाई." डॉक्टरांनी हृदय कमजोर सांगितलं, तेव्हा हे सहा फुटी महाशय मामीला म्हणाले, "ह्यो घोयरा हाय तवर मला काय हुत न्हाई."

दुसऱ्याच उन्हाळ्यात घोयरा मेला. मामा पेन्शन आणायला गेले होते. मामी रडकुंडीला आली. "अरं, ह्यास्नी कळलं तर हाय खातील. गावाकडनं दुसरा आण जा." मी कोरेगावच्या बांधावरचा एक पकडून पिशवीतून एसटीनं आणला. रविवारी मामांनी तो मोजला आणि म्हणाले, "तब्येत झकास!" त्याला धरून पुढच्या सात वर्षांत मी असे तीन आणले. एवढं दांडगं जनावर चार-दोन वर्षंच जगतं, हे आम्ही त्या महाज्ञानी माणसाला कळू दिलं नाही. एवढा पारखी आणि इतका आंधळा, म्हणून मी मनसोक्त हसून घ्यायचो.

मामा गेले त्या सकाळी घोयरा मेंदीवर ठणठणीत होता. दिवस झाल्यावर मामीनं ती वही माझ्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. त्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या पानावर मामांनी लिहिलं होतं, 'जुना जवान वारला. नवीन भरती, गाव कोरेगाव. लांबी दोन इंच कमी, छाती बेताची. तरी पास. बायको घाबरते, तिला कळू देऊ नये.' पुढे आणखी दोन वेळा तेच, फक्त इंच वेगळे.

"काय लिवलंय रं?" मामीनं विचारलं. "शेवटपातूर कळलं न्हाई न्हवं त्यास्नी?"

"न्हाई मामी," मी वही मिटली. "तब्येत झकास, एवढंच लिवलंय."