साठ टक्क्यांचा पंप

पंपवाले काका म्हणजे भारी तऱ्हेवाईक माणूस. चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त केले, पण एकाही गिऱ्हाइकाला खोटी आशा दाखवली नाही. पंप चालू करायचा, खाली बादली लावायची, हातात घड्याळ धरायचं. ठरलेल्या पाण्याच्या सत्तर टक्क्यांखाली आलं की फैसला एकच: भंगारात घाला. मग गिऱ्हाईक कितीही नाकदुऱ्या काढो.

हेच काका जिना चढताना धापा टाकू लागले, तेव्हा बायकोने त्यांना धरून हृदयाच्या सोनोग्राफीला नेलं. रिपोर्ट शनिवारी मिळाला, डॉक्टरीणबाई सोमवारी भेटणार होत्या. तोवर पाकीट उघडू नये, एवढी साधी गोष्ट. पण गप्प बसवेल तर शपथ! काकांनी दुकानात चष्मा पुसून वाचलं: हृदयाची रक्त बाहेर टाकण्याची क्षमता, साठ टक्के.

झालं, पायाखालची जमीनच सरकली. बायकोला कळू द्यायचं नाही असं ठरवून त्यांनी पाकीट पुन्हा चिकटवलं. रविवारी समोरच्या ज्या दुकानवाल्याशी बारा वर्षं अबोला होता, त्याला जाऊन सांगितलं, की माझी गिऱ्हाइकं आता तू सांभाळ. तो बिचारा तोंडात बोट घालून बघत राहिला.

सोमवारी काका बायकोला बाहेर बाकावर बसवून एकटेच आत गेले. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, हृदय छान आहे. काकांना वाटलं, नुसता धीर देताहेत.

"बाई, खरं सांगा. साठवर मी पंप भंगारात घालतो."

बाईंना आधी हसू आवरेना. मग त्यांनी नीट समजावलं. हृदय आतलं सगळं रक्त एका ठोक्यात कधीच बाहेर टाकत नाही. निम्म्याहून थोडं जास्त गेलं की झालं. साठ म्हणजे ठणठणीत. धाप लागते ती सुटलेल्या पोटामुळे, ते तेवढं उतरवा.

काकांचा जीव भांड्यात पडला. आपल्या मूर्खपणाची गंमत सांगायला ते बाहेर आले.

"अगं, तुला एक सांगायचं राहिलं..."

"साठ," बायको म्हणाली.

पाकीट तिनेही उघडलं होतं. चाळीस वर्षं नवऱ्याचे सत्तर टक्के ऐकत संसार केलेला; तिला दुसरा हिशोब कुठून ठाऊक असणार?

"दोन दिवस तुमच्याआधी उठून श्वास चाललाय का बघत होते मी."

काका तिच्या शेजारी बसले आणि भर दवाखान्यात ढसाढसा रडले. रडता रडताच सांगत होते, अगं, चांगलं आहे, सगळं चांगलं आहे.