दर पाच मिनिटांनी स्कोअर
बाबांच्या जुन्या ट्रान्झिस्टरच्या चामड्याच्या कव्हरला अजून तोच वास येतो, आणि मला त्यांची ती ट्रायल आठवते. बाबा हॉकी खेळायचे. गुडघा गेल्यावर रेडिओवर कॉमेंट्री करू लागले. घरोघरी केबल आली तेव्हा एका नव्या चॅनलने त्यांना कॉमेंट्रीच्या ट्रायलसाठी नोएडातल्या स्टुडिओत बोलावलं. मयूर विहारच्या आमच्या घरून मी सोबत गेले होते. आत थंडगार एसी आणि नव्या कार्पेटचा उग्र दर्प होता. पडद्यावर मॅच सुरू झाली आणि बाबा सगळंच सांगू लागले, चेंडू कुणाकडे आहे, वारा कुठून येतोय, आणि दर पाच मिनिटांनी स्कोअर. "सर, पिक्चर दिख रहा है, स्कोर भी लिखा है. थोड़ा चुप रहिए ना," प्रोड्यूसर म्हणाला. बाबा जे गप्प झाले ते ट्रायल संपेपर्यंत. परतताना बसमध्ये मी चिडून म्हटलं, "कमी बोलायचं ना, बाबा!" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अगं, कुणीतरी आत्ताच रेडिओ लावला असेल, त्याला कसं कळणार?" आता बाबा डोळे मिटून पडून असतात, बोलत नाहीत. मॅच असली की मी उशाशी बसते आणि दर पाच मिनिटांनी स्कोअर सांगते. त्यांना आत्ताच जाग आली असेल.