घड्याळकाकांचं परत आलेलं पत्र

घड्याळकाका म्हणजे महा हट्टी माणूस. चाळीस वर्षं घड्याळदुरुस्तीच्या दुकानात भिंगातून बारीक चाकं पाहून त्यांची समजूत झाली होती की जगात चुकतात ते इतर लोक. एकुलत्या एका लेकीने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हा "मला तोंड दाखवू नकोस" असं म्हणून मोकळे झाले. लेकही बापाचीच, ती गेली ती गेलीच. काकू त्याआधीच वारल्या होत्या. तीन वर्षं काका एकटेच जेवत होते.

शेवटी लेकीच्या मैत्रिणीकडून पत्ता मिळवला आणि त्यांनी पत्र लिहिलं. "माझं चुकलं, ये," एवढं लिहायला चार कागद फाडले. पाकिटाला तिकीट लावून पेटीत टाकलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमनने तेच पाकीट दुकानात आणून दिलं, न फोडलेलं.

लेकीने उघडून बघायचीही तसदी घेतली नाही, हे काकांच्या जिव्हारी लागलं. आठ दिवस गिऱ्हाइकांशीसुद्धा धड बोलले नाहीत. नवव्या दिवशी मात्र राहवेना, तेव्हा पाकीट घेऊन पोस्टात गेले.

"कुणी पत्र नाकारलं, तर पाकिटावर तसं लिहितात ना हो?" त्यांनी खिडकीतल्या बाईंना विचारलं. "यावर तर काहीच नाही."

बाईंनी पाकीट उलटसुलट पाहिलं. "काका, मधे मोठ्या अक्षरात हे कुणाचं नाव?"

"माझं. पत्र माझंच आहे ना?"

"आणि कोपऱ्यात हे बारीक?"

"लेकीचं. तिच्याकडे जायचंय."

दुकानातली रीतच तशी होती. दुरुस्तीच्या पुडीवर घड्याळाच्या मालकाचं नाव मधे ठसठशीत, आणि ते कुणाच्या हाती द्यायचं त्याचं कोपऱ्यात. चाळीस वर्षांत एकही घड्याळ चुकीच्या घरी गेलं नव्हतं.

बाईंना हसू फुटलं, पण काकांचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. "अहो, मधे ज्याचं नाव, पत्र त्याला जातं. हे तुम्ही तुम्हालाच पाठवलंत."

काकांनी पाकीट पुन्हा हातात घेतलं. "म्हणजे तिने परत नाही केलं?"

"तिच्यापर्यंत गेलंच नाही, तर परत काय करणार?"

आठ दिवस पोरीला मनातल्या मनात काय काय बोललो, या विचाराने काकांना रडू आलं. बाईंनी पाणी दिलं, मग नवं पाकीट दिलं. शिक्का बसलेलं तिकीट पुन्हा चालत नाही, म्हणून नवं तिकीटही दिलं. "ते उजवीकडे वर लावा. डावीकडे तुमचा पत्ता. आणि मधे फक्त ती."

काकांनी लेकीचं नाव लिहिलं. खाली पत्ता लिहिला आणि पाकीट तिथल्याच पेटीत टाकलं.

"हे परत आलं नाही, तर तिला मिळालं असं समजायचं ना?"

"मिळालं."

मग रोज पोस्टमन दुकानावरून पुढे गेला की काका खूश व्हायचे. अकराव्या दिवशी तो थांबला. हेही परत आलं, असंच काकांना वाटलं. पण पाकिटावर अक्षर लेकीचं होतं. एकट्याने फोडायचा धीर होईना, म्हणून ते तडक पोस्टात गेले.

बाईंनी वाचलं, "बाबा, तीन वर्षं मी रोज पोस्टमनला विचारत होते, माझं काही आहे का. काल तो कोपऱ्यावरूनच हाका मारत आला."